मिकामीवर देखरेख ठेवणारं कुणीच का नाही? 'सुबाराशिकी सेकाई'बद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फिल्म सोसायटीत निशिकावा मिवा यांचा 'सुबाराशिकी सेकाई', म्हणजे परदेशात 'अंडर द ओपन स्काय' नावाने गेलेला सिनेमा दाखवलात. नंतरच्या चर्चेत निम्म्या लोकांनी मिकामीला, म्हणजे तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या, एकेकाळी याकुझा टोळीत असलेल्या नायकाला, कृतघ्न ठरवलं. वकील पाठीशी उभा राहतो, सरकार पैसे देतं, दुकानदार जीव लावतो, तरी हा गडी भडकतोच. त्यात तीन गोष्टी कुणालाच नीट कळल्या नाहीत. खुनाची शिक्षा भोगून आलेल्या माणसावर देखरेख का नाही? ड्रायव्हिंग लायसन्ससाठी तो एवढा जीव का टाकतो? आणि शेवटी तो हरला की जिंकला? आता पुन्हा खेळ लावणार आहात, तर आधी लोकांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

जपानी सिनेमांची उपशीर्षकं करणं आणि सिनेमा दाखवून त्यावर बोलणं हे माझं काम आहे, म्हणून त्याच बाजूने उत्तर देतो. माझ्या मते तुमच्या प्रेक्षकांचं घोडं मिकामीच्या स्वभावापाशी अडलेलं नाही, 'सुटका' या शब्दापाशी अडलंय. मराठीत माणूस तुरुंगातून 'सुटतो' एवढंच आपण म्हणतो. जपानीत तो कोणत्या दाराने सुटला यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं, आणि उपशीर्षकात नेमकं हेच गळतं.

एक दार 'कारी-शाकुहो'. इंग्रजी उपशीर्षकात याचं 'पॅरोल' होतं आणि आपला प्रेक्षक तिथेच फसतो. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे कैद्याची तात्पुरती रजा: घरी जायचं आणि मुदत संपली की परत हजर व्हायचं. जपानी कारी-शाकुहो म्हणजे शिक्षा संपण्याआधी, अटींवर बाहेर सोडणं. अटी पाळल्या तर परत जायचंच नाही. मराठीत मी 'सशर्त सुटका' लिहितो. कायद्याने ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा एक तृतीयांश भाग भोगल्यावर ती मिळू शकते, जन्मठेपेत १० वर्षांनी. प्रत्यक्षात बहुतेकांचा ८० टक्क्यांहून जास्त काळ आतच जातो. सुटणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के या दाराने बाहेर येतात. उरलेली मुदत संपेपर्यंत ते देखरेखीखाली असतात. 'होगोशी' नावाचा बिनपगारी स्वयंसेवक महिन्यातून साधारण दोनदा भेटतो, घर बदलायचं किंवा सात दिवस वा जास्त प्रवासाला जायचं तर परवानगी लागते. देशभरात असे सुमारे ४६-४७ हजार होगोशी आहेत, सरासरी वय पासष्टच्या आसपास. निवृत्त शिक्षक, दुकानदार, देवळातले भिक्षू, असे लोक.

दुसरं दार 'मान्की', म्हणजे मुदत भरून सुटका. शेवटच्या दिवसापर्यंत शिक्षा भोगली, हिशेब मिटला, आता सरकारचा तुमच्यावर हक्क नाही. ऐकायला छान. पण हक्क नाही तशी जबाबदारीही नाही. होगोशी नाही, अटी नाहीत, विचारपूस नाही. स्वतः जाऊन मागितली तर सहा महिन्यांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते, काही वेळा ती वाढते. मागितली तरच. मिकामी या दाराने आलाय. सुटल्यापासून दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात जाणाऱ्यांचं प्रमाण मान्कीवाल्यांत सशर्त सुटलेल्यांच्या साधारण दुप्पट असतं. अर्थात जे आधीच जास्त अडचणीत असतात तेच मान्कीपर्यंत आत राहतात, त्यामुळे सगळा दोष दाराचाच असं म्हणता येत नाही.

त्याला सशर्त सुटका का मिळाली नसेल, याचं उत्तर सिनेमा सुरुवातीलाच देतो. उत्तरेकडच्या होक्काइदोमधलं बर्फात बुडालेलं आसाहिकावा तुरुंग, १३ वर्षांनंतरचा सुटकेचा दिवस, आणि गुन्ह्याबद्दल विचारल्यावर मिकामी पश्चात्ताप सोडून निकालावरच राग काढतो. जपानी दंडसंहितेच्या २८व्या कलमात सशर्त सुटकेसाठी 'पश्चात्तापाची चिन्हं' ही अट आहे. 'मी चुकलो' हे ज्याच्या तोंडून निघत नाही, ज्याचा टोळीशी संबंध होता, ज्याला घ्यायला घरचं कुणी नाही, त्याच्यासाठी ते दार जवळपास बंद असतं. लोक हा प्रसंग हट्टी माणसाची ओळख म्हणून बघतात. मी दाखवताना सांगतो की पुढच्या दोन तासांची कायदेशीर चौकट इथे मांडली जातेय.

फरक लगेच पटवायचा असेल तर इमामुरा शोहेई यांचा १९९७चा 'उनागी' आधी दाखवा. कान महोत्सवात त्याला इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींच्या सिनेमासोबत विभागून पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. त्यातला बायकोचा खून करून आठ वर्षं आत राहिलेला यामाशिता सशर्त सुटलाय आणि त्याचा होगोशी देवळातला भिक्षू आहे. गंमत म्हणजे दोन्ही भूमिका याकुशो कोजी यांच्याच आहेत, मध्ये वीसेक वर्षांचं अंतर. 'उनागी'त यामाशिता हाणामारीत सापडतो आणि अट मोडली म्हणून परत आत जातो. मिकामी रस्त्यात दोन गुंडांना धू-धू धुतो आणि कायद्याच्या बाजूने त्याचं काहीच होत नाही. चर्चेत कुणीतरी 'हे कसं काय?' विचारतंच. कारण रद्द करायला त्याची सुटका सशर्त नव्हतीच. तक्रार झाली असती तर नवा गुन्हा म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. 'उनागी'त धाक बाहेरून येतो, इथे तो कुठूनच येत नाही. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटाशी याचा थेट संबंध आहे.

आता वकील शोजी आणि त्यांची पत्नी. त्यांच्या भूमिकेसाठी जपानी शब्द 'मिमोतो-हिकिउकेनिन'. इंग्रजीत कधी 'गार्डियन' कधी 'गॅरंटर' लिहितात, आणि मराठीत कुणी 'जामीनदार' केलं तर बोऱ्याच वाजतो, कारण जामीन म्हटला की आपल्याला कोर्ट आणि पैसे आठवतात. हा माणूस फक्त 'याची जबाबदारी मी घेतो' असं लिहून देतो. ओळख, राहण्याची सोय, कार्यालयात सोबत जाणं. मान्कीवाल्याला कायद्याने त्याची सक्ती नसते, तरी त्याच्याशिवाय भाड्याची खोलीही अवघड. म्हणजे सिनेमातला सगळा आधार व्यवस्थेने दिलेला नसून दोन म्हाताऱ्या माणसांनी आपणहून घेतलेला आहे. मी 'जबाबदारी घेणारे' असं सरळ लिहितो. शब्द लांब होतो, वाचायला अर्धा सेकंद जास्त लागतो, पण अर्थ पोचतो.

पैशांचं गणितही आधी सांगून टाका. तुरुंगातल्या कामाला पगार नसतो, 'बक्षीस रक्कम' असते. सरासरी महिन्याला साधारण ४,५०० येन. सुरुवातीच्या श्रेणीत तासाला दहा येनही पडत नाहीत. १३ वर्षांत एक येनही खर्च न करता सगळं साठवलं तरी सात लाखांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात आत साबण-कागद-टपालावर त्यातलं जातं. तोक्योत खोली घ्यायची तर आगाऊ भाडं, अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, हमी कंपनीचं शुल्क. मग उरतं 'सेइकात्सु होगो', १९५०च्या कायद्याखालचं निर्वाह साहाय्य. अर्जाचा निकाल १४ दिवसांत, फार तर ३० दिवसांत लागतो. तोक्योच्या २३ प्रभागांत एकट्या माणसाला घरभाड्यापोटी कमाल ५३,७०० येन, आणि जगण्यासाठी वेगळी रक्कम. शहरात एका केस-वर्करमागे ८० कुटुंबं असा निकष आहे, म्हणून इगुची नावाचा तो कारकून सुरुवातीला कोरडा वाटतो. अशा माणसाला टोळीबद्दल विचारावंच लागतं, कारण टोळीच्या सदस्याला हे साहाय्य द्यायचं नाही असा आरोग्य आणि कामगार मंत्रालयाचा २००६चा आदेश आहे.

मिकामीला हे पैसे घेणं अपमान वाटतो. इथेच 'कृतघ्न' हा शिक्का बसतो. पण तो तक्रार पैसे कमी पडतात म्हणून करत नाही. त्याला काम हवंय. आणि काम म्हटलं की लायसन्स येतं.

जपानी कायद्यात कैदेसारख्या कारणाने लायसन्सची मुदत संपली, तर संपल्यापासून तीन वर्षांच्या आत आणि सुटल्यावर एक महिन्यात गेलं की लेखी आणि गाडीची परीक्षा माफ होते. १३ वर्षं आत राहिलेल्याला ही वाट बंद. पहिल्यापासून सगळं. ड्रायव्हिंग स्कूलला तीन लाख येनच्या घरात खर्च, किंवा परवाना केंद्रावर जाऊन थेट परीक्षा द्यायची, जी स्वस्त आहे पण सरावाशिवाय पास होणं महाकठीण. त्याला गाडी चालवताना बघून प्रेक्षागृहात हशा पिकतो. पिकू द्या, तो प्रसंग विनोदीच आहे. नंतर एवढं सांगा की तुरुंगात शिकलेलं शिवणकाम आणि गाडी चालवण्याचा जुना अनुभव, एवढंच भांडवल या माणसाकडे आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा कागद, म्हणजे लायसन्स, त्याच्या नकळत बाद झालाय.

जाता जाता: यामादा योजी यांच्या १९७७च्या पिवळ्या रुमालांच्या सिनेमातही ताकाकुरा केन अबाशिरी तुरुंगातून सुटतो आणि नाकाबंदीत नेमका लायसन्सवरूनच अडकतो. मुदत आत असतानाच संपलेली. दोन सिनेमांत ४३ वर्षांचं अंतर आहे आणि माणूस उघडा पडतो तो त्याच एका कागदाने. फक्त यामादांच्या गोष्टीत पोलीस ठाण्यात ओळखीचा भला हवालदार भेटतो. निशिकावांच्या गोष्टीत खिडकीपलीकडे नियम सांगणारी व्यक्ती बसलेली असते, आणि ती उद्धटही नाही. मला हे जास्त खरं वाटतं.

क्यूशूचा भाग, म्हणजे मिकामी दक्षिणेत टोळीतल्या जुन्या दादाकडे जातो तो, लोकांना सैल वाटतो असं तुम्ही लिहिलंय. तिथे काळाचं गणित माहीत हवं. सिनेमा साकी र्यूझो यांच्या १९९०च्या 'मिबुन्चो' या कादंबरीवर बेतलाय. मिबुन्चो म्हणजे कैद्याची तुरुंगातली नोंदवही: जन्म, आईबाप, गुन्हे, आतलं वर्तन, सगळं. सिनेमात मिकामीवर कार्यक्रम करू पाहणाऱ्या टीव्हीवाल्यांच्या हाती पडतात त्या वह्या म्हणजे मिकामीने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली ही नोंद. मूळ गोष्ट १९८०च्या दशकातली. निशिकावांनी ती आजच्या काळात आणली, आणि त्यामुळे टोळीकडे परत जाण्याचा अर्थच पालटला. १९९२मध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला. २०१० पासून प्रांतांनी 'बहिष्कार नियम' केले, ऑक्टोबर २०११पर्यंत ते देशभर झाले. त्यानंतर टोळीच्या माणसाला बँकेत खातं नाही, भाड्याचं घर नाही, मोबाइल नाही, आणि टोळी सोडल्यावरही पाच वर्षं त्याला सदस्यच धरतात. १९६३मध्ये या टोळ्यांची माणसं १ लाख ८४ हजार होती, २०२४च्या अखेरीस ती २० हजारांच्या खाली गेली. कादंबरीच्या काळात जुना दादा हे खरंखुरं आमिष होतं. सिनेमातल्या त्या घराला आतून वाळवी लागलीय. मिकामी मोहात पडायला जातो आणि मोह घालणाराच कोसळताना दिसतो. तो भाग सैल नाही, पण हा संदर्भ नसेल तर तसा वाटणारच.

त्या भागात एक शब्द आहे ज्यावर मी प्रत्येक वेळी थांबतो: 'शाबा'. जपानी कैदी तुरुंगाबाहेरच्या जगाला शाबा म्हणतात. हा बौद्ध ग्रंथांतून चिनीमार्गे जपानीत गेलेला आपला संस्कृत 'सहा' आहे. सहा लोकधातु, म्हणजे जिथे सगळं सहन करावं लागतं ते हे जग. 'सहन', 'सोसणं' हे शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, आणि इंग्रजी उपशीर्षकात 'आउटसाइड' झालेला हा शब्द आपल्याला परत मिळवता येतो. निरोप देताना दादाची बायको मिकामीला काय सांगते ते ऐका. बाहेरचं जग म्हणजे सोसत राहणं, त्या मानाने मजाही बेताचीच, पण आभाळ मोठं असतं म्हणतात. 'शाबा' आणि 'गामान', म्हणजे सोसणं, हे दोन शब्द त्या एका बोलण्यात शेजारी बसतात. इंग्रजी नाव तिथूनच आलंय. मी इथे 'बाहेरचं जग' न लिहिता 'संसार' वापरून पाहिलाय. प्रेक्षक वयस्क असतील तर तो लागतो, तरुणांना त्यातून लग्नच आठवतं. तुमचा प्रेक्षक कोण यावर ठरवा.

इथपर्यंतचं हाती धरून शेवटाकडे जाऊ. अटी नाहीत, देखरेख नाही, पाठीशी फक्त पाच-सहा माणसं. वृद्धाश्रमातलं काम मिळाल्यावर हीच माणसं त्याला सांगतात, दुर्लक्ष करायला शिक, प्रत्येक गोष्टीत उडी घेऊ नकोस. मग मतिमंद सहकाऱ्याला दोघंजण मारताना तो पाहतो. मारायला धावण्याची कल्पना येते, हात आवरतो. पुढच्याच प्रसंगात बाकीचे त्याच सहकाऱ्याची नक्कल करून हसतात, आणि मिकामी त्यांच्या हसण्यात सामील होतो.

तुमच्या चर्चेतल्या 'शेवटी सुधारला' या मताशी माझं इथे जमत नाही, आणि 'हरला' याच्याशीही पूर्ण जमत नाही. यामाशितासारखा तो सशर्त सुटलेला असता तर हात आवरण्याला तुरुंगाची भीती पुरेशी होती आणि प्रसंग सपाट झाला असता. मिकामीला कायद्याची भीती घालणारं कुणी नाही. तो आवरतो ते त्या पाच-सहा माणसांच्या शब्दाखातर. म्हणजे ज्या प्रेमाने त्याला माणसांत आणलं, त्यानेच त्याला गप्प बसायला शिकवलं. ज्याचा अपमान झाला तोच सहकारी वादळ येण्याआधी त्याला कॉसमॉसची फुलं देतो. त्या रात्री मिकामी मरतो, हातात तीच फुलं. रक्तदाबाचा त्रास पहिल्यापासून दाखवलाय, त्यामुळे वैद्यकीय कारण शोधत बसायची गरज नाही. पण त्या हसण्याने काय लागलं, हा प्रश्न लोकांपुढे जरूर टाका आणि उत्तर देऊ नका.

याच्या जोडीला मधला एक प्रसंग लक्षात आणून द्या. मिकामी गुंडांना मारत असताना टीव्हीचा त्सुनोदा कॅमेरा घेऊन पळतो, आणि निर्माती योशिझावा त्याला झापते: शूट करायचं तर कर, नाहीतर मध्ये पडून थांबव, दोन्ही न करणारा कुणाच्याच कामाचा नाही. वृद्धाश्रमात मिकामी नेमका त्सुनोदाच्या जागी उभा राहतो. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले की 'कृतघ्न' वगैरे चर्चा आपोआप मागे पडते. माझा अनुभव तसा आहे, तुमच्याकडे किती वेळ आहे यावर बाकीचं अवलंबून.

सोयीचं म्हणाल तर, सुरू होण्याआधी तीनच गोष्टी सांगा, चार मिनिटांत: मान्की आणि सशर्त सुटका यातला फरक, 'जबाबदारी घेणारे' म्हणजे कोण, आणि पाच वर्षांचा टोळी-नियम. लायसन्स आणि शाबा नंतर. आधी सांगितलं तर लोक सिनेमा सोडून ते शब्दच शोधत बसतात. कायद्याचे विद्यार्थी असतील तर एवढं जोडा की १ जून २०२५पासून जपानने सक्तमजुरी आणि साधी कैद या दोन्ही शिक्षा एकत्र करून एकच कैदेची शिक्षा आणली, काम करणं बंधनकारक राहिलं नाही. मिकामीने भोगलेली शिक्षा त्या नावाने आता नव्या गुन्ह्यांना दिली जात नाही. 'उनागी' ११७ मिनिटांचा, हा १२६ मिनिटांचा. एका दिवशी दोन्ही लावू नका, दुसऱ्याला लोक दमलेले असतात आणि वृद्धाश्रमापर्यंत पोचेपर्यंत लक्ष उडतं. लागोपाठचे दोन आठवडे ठीक.

आणि हॉलमधले दिवे लावणाऱ्याला बजावून ठेवा. या सिनेमाचं नाव सुरुवातीला येत नाही. मिकामी गेल्यावर खाली जमलेली माणसं दिसतात, कॅमेरा वर आभाळाकडे जातो, आणि तिथे 'सुंदर जग' अशा अर्थाचं ते नाव उमटतं. माणूस मेला, आता संपलं, असं समजून कुणी बटण दाबलं तर तेवढंच राहून जातं.